याच्या वरती कोण?

या जगात ज्या ज्या गोष्टीचं म्हणून प्रमाणपत्र निघू शकतं, त्या प्रत्येक गोष्टीवर एकदा तरी संशय घेतलेला माणूस तुम्हाला पाहायचा असेल, तर भिलाईच्या हुडको वसाहतीत या. आमचे घरमालक काका तुम्हाला फाटकातच भेटतील आणि आधी तुम्हीच तुम्ही आहात कशावरून, हे विचारतील. घाबरू नका, मलाही विचारलं होतं. गेली अकरा वर्षं मी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटून बसलोय आणि नशिबाचा खेळ असा की माझं दुकान डिजिटल सह्यांचं आहे. म्हणजे माणसं तीच माणसं आहेत याची प्रमाणपत्रं मी त्यांना काढून देतो, आणि ज्यांच्या छपराखाली बसून देतो त्यांचा प्रमाणपत्र या वस्तूवरच विश्वास नाही. मधुमेहाच्या डॉक्टरच्या ओसरीवर मिठाईचं दुकान काढावं, तशी माझी गत.

काकांचा संशय परक्यांपुरता असता तर एक वेळ चाललं असतं, पण ते स्वतःलाही सोडत नाहीत. त्यांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा हैदराबादहून मुलगा आला, केक आणला, मेणबत्ती लावली. काकांनी सुरी हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. आत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. "ही तारीख हेडमास्तरनं लिहिली," ते म्हणाले. "हेडमास्तरले माह्या बापानं सांगतली. पण बाप तर त्या दिवशी वावरात होता. मंग बापाले कोणी सांगतलं? सुईणीनं. आन् सुईणीले कॅलेंडर वाचता येत होतं का?" मेणबत्ती वितळून केकवर सांडायला लागली तशा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मंग अंदाजे कापा आन् अंदाजे खा!" सगळे हसलो. काकांनी केक खाल्ला, पण वयाचा विषय त्यांच्यापुरता अजून उघडाच आहे.

हे सगळं आलं ते नोकरीतून. काकांनी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या तपासणी विभागात उभी हयात काढली. तेव्हा ते सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि सायकलवरून ड्युटीला जायचे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पोलादी प्लेटबरोबर एक तपासणीचा कागद जायचा आणि त्यावर काकांची सही असायची. प्लेटची जाडी मोजायचं माप त्यांच्या खिशात. ते माप बरोबर आहे की नाही, हे पाहायला एक मोठं माप एका थंड खोलीत ठेवलेलं. त्या मोठ्या मापाचा कागद कुठल्या तरी प्रयोगशाळेतून यायचा आणि त्या प्रयोगशाळेचा कागद आणखी मोठ्या प्रयोगशाळेतून. बाकीचे लोक आपल्या खिशातल्या मापापाशी थांबायचे. काका थांबले नाहीत. ते विचारत विचारत वर चढत गेले आणि तिथेच त्यांना ते पालुपद लागलं: "बरं, मानलं. पण याच्या वरती कोण?"

निवृत्त झाल्यावर प्लेटा गेल्या आणि पालुपद तेवढं राहिलं. घरात घड्याळं चार आहेत, कारण एक चुकलं तर सांगणार कोण? तापमापकं तीन. एकदा काकूंना ताप आला. एक तापमापक म्हणे शंभर, दुसरं एकशे एक, तिसरं नव्व्याण्णव. काकांनी कोमट पाण्याचा पेला भरला, तिन्ही त्यात बुडवली आणि वही घेऊन बसले. दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले, बेरजा केल्या, सरासरी काढली आणि कुठलं तापमापक किती खोटं बोलतं याचा निकाल घेऊन विजयी मुद्रेनं आत गेले. काकूंचा ताप केव्हाच उतरला होता आणि त्या गोळाभाताला फोडणी देत होत्या. बाजारातही तेच. तराजूतलं वजन उलटं करून त्याखालचा शिक्का वाचल्याशिवाय ते वांगं घेत नाहीत. भाजीवाली मावशी छत्तीसगढी, तोंडानं फटकळ. ती एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कका, तैं भाजी लेबे के मोर परीच्छा लेबे?" काका शांतपणे म्हणाले, "दोनों." आणि तिलाच हसू आलं.

अशा घरात मला खोली कशी मिळाली, हे तुम्हाला ऐकायला हवं. मी सगळे कागद घेऊन गेलो होतो. काकांनी ते बघितलेसुद्धा नाहीत. "हे कागद तुह्याबद्दल बोलतात. कागदाबद्दल कोण बोलते?" मग म्हणाले, "तुह्या ओळखीचं असं कोणी आहे का, जे माह्या ओळखीचं आहे?" माझे वडील रेल्वेत, दुर्ग लाईनवर. मी त्यांचं नाव सांगितलं. काकूंचे भाऊही रेल्वेत गार्ड होते. त्यांना फोन लागला. ते म्हणाले, हो, ओळखतो, माणूस चांगला, डब्यातलं अर्धं लोणचं मलाच द्यायचा. फोन ठेवून काकांनी कपाटातून प्लांटची एक जुनी हिरवी डायरी काढली आणि त्यात लिहिलं: काकू, त्याखाली काकूंचा भाऊ, त्याखाली माझे वडील, त्याखाली मी. प्रत्येक नावातून खालच्या नावाकडे एक बाण. मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमच्या धंद्यातली साखळी! आमच्याकडे अगदी असंच असतं. सर्वात वर एक मोठी संस्था. ती खालच्या संस्थेला सही देते, खालची माझ्यासारख्याच्या गिऱ्हाईकाला. ज्याला खात्री करायची त्यानं एकेक पायरी वर चढत जायचं. आमच्या धंद्यातल्या पंडितांना हे सुचायच्या कितीतरी आधी हुडकोत एका हिरव्या डायरीत हे चालू होतं.

त्या डायरीचं नाव भरोशाची वही. चार रकाने: नाव, कोणी सांगितलं, कशासाठी, कधीपर्यंत. कारण काकांचं म्हणणं असं की माणसावर सगळ्यासाठी भरोसा ठेवायचा नसतो. आमचे डॉक्टर वहीत आहेत, पण त्यांच्यापुढे लिहिलंय, 'ताप, खोकला. आंबे निवडण्यासाठी नाही.' शेजारचे मेश्राम 'शिडी परत देणे' यासाठी मान्य आहेत, 'पाऊस येणार का' यासाठी नाहीत. पोटचा मुलगा 'औषधं, तिकिटं' एवढ्यापुरता आणि तोही एक वर्षासाठी. दर दिवाळीला त्याची मुदत संपते आणि फराळ झाल्यावर काका त्याला समोर बसवून वर्षभराचा आढावा घेतात. मागच्या बाजूनं वही उलटी केली की रद्द झालेल्यांची यादी. तिथे एक न्हावी आहे, दोन ज्योतिषी आहेत आणि हवामानाचं एक अ‍ॅप आहे.

मात्र पहिल्या पानावर पहिल्या ओळीत काकू. 'कोणी सांगितलं' या रकान्यात लिहिलंय, 'स्वतः'. 'कशासाठी' मध्ये, 'सगळं'. आणि 'कधीपर्यंत' हा रकाना कोरा. साऱ्या वहीत कोरा रकाना तेवढा एकच. मी धीर करून विचारलं, "काका, यांच्या वरती कोण?" काका पहिल्यांदाच जरा लाजले. "कुठं तरी थांबा लागते ना, बाबू," ते म्हणाले. "लग्नाच्या पहिल्या दिवशी हिनं मले सांगतलं, मले स्वयंपाक येत नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो. खरं निघालं. तवापासून तपासणी बंद."

माझ्या नावापुढे 'तपास चालू' असं लिहिलं होतं, पेन्सिलनं. ते पेनानं व्हावं, ही माझी महत्त्वाकांक्षा. हसू नका. हजार लोकांना मी खरेपणाची प्रमाणपत्रं काढून दिली असतील, पण त्या हिरव्या वहीत शाईनं नाव लागणं ही गोष्ट वेगळी होती. हुडकोत ती काय चीज आहे, हे तुम्हाला तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. मेश्राम शिडीसाठी लागले तर त्यांनी पेढे वाटले होते.

पुढे मुलानं काकांना लॅपटॉप पाठवला आणि हुडकोवर संकट आलं. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाची खूण असते, ती दाबली की त्या स्थळाचं प्रमाणपत्र दिसतं, हे मीच त्यांना दाखवलं. माझीच चूक. त्यानंतर काकांनी कुठल्याच संकेतस्थळावरचा मजकूर म्हणून वाचला नाही. ते फक्त कुलपं उघडून पाहायचे. "कुलूप आहे म्हणजे सज्जनाचं घर आहे असं नाही," ते माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचे. "चोराच्याबी घराले कुलूप रायते. कुलपाचा अर्थ एवढाच, की रस्त्यात कोणी चिठ्ठी उघडली नाही. चिठ्ठी लिहिणारा कसा आहे, ते तुमी पाहा." आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना हा फरक सांगता येत नाही. मला तर वाटलं, यांना गुरू करावं.

आणि मग एका सकाळी अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस, हातात लॅपटॉप, अंगात बनियन अशा थाटात काका दुकानात धावत आले. हथखोजच्या कारखान्यांच्या वस्तीतले एक नटबोल्टवाले शेठ माझ्यासमोर बसून व्हिडिओ देत होते. हा आमच्याकडचा रिवाज आहे, सही काढणाऱ्यानं कॅमेऱ्याकडे पाहून आपलं नाव सांगायचं. शेठ म्हणत होते, "मैं घोषणा करता हूँ कि" आणि मागून काका ओरडले, "अरे हा तर स्वतःच स्वतःले सही देऊन राहिला!" शेठ दचकून उभे राहिले. त्यांना वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. काका त्या वेळी जगातल्या कुणाशीच बोलत नव्हते. साखळी चढत चढत ते सगळ्यात वर पोचले होते आणि तिथे 'कोणाला दिलं' आणि 'कोणी दिलं' या दोन्ही ओळींत एकच नाव होतं. "मी जिंदगीभर विचारत होतो, वरती कोण, वरती कोण. आन् वरती हा! स्वतःच!" त्यांच्या डोळ्यांत भीती होती आणि त्याहून जास्त आनंद होता. शेठचा व्हिडिओ पुन्हा काढावा लागला, आणि त्यातही मागे फेस लावलेले काका आले म्हणून पुन्हा.

मी समजावलं की काका, सगळ्यात वरची संस्था अशीच असते. तिला सही द्यायला वर कुणी नाही. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कॉम्प्युटर बनवणारे ठरवतात आणि तशा शंभरेक संस्थांची यादी आधीच आत भरून देतात. हे वाक्य मी बोलायला नको होतं. "माह्या घरात माह्याशिवाय शंभर लोकांवर भरोसा?" काका म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस त्यांनी ती सगळी यादी आखीव तावांवर हातानं उतरवून काढली. नातीचा जगाचा नकाशा घेऊन बसले. "या देशात आपलं कोणी आहे का हो?" असं काकूंना विचारायचे, आणि काकू "नाही" म्हणाल्या की ती संस्था उडवायचे. तिसऱ्या दिवशी शंभरातल्या दोन उरल्या. एक आपल्या देशातली म्हणून, आणि दुसरी चुकून.

त्या दिवशी काकांच्या लॅपटॉपवर जग बंद झालं. काहीही उघडायला जावं तर लाल पाटी: ही जागा सुरक्षित नाही. काका खूश. "पाह्य, आता खरं बोलून राहिला." पण काकू रोज दुपारी त्यावर नागपूरचं वर्तमानपत्र वाचायच्या आणि नातीच्या नाचाचे व्हिडिओ पाहायच्या. त्यांनी एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी ताटात बिनफोडणीचं वरण आणि कोरडा भात वाढला. मी तेव्हा भाड्याची पावती घ्यायला आत गेलो होतो, त्यामुळे पुढचा संवाद मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

"आपलं लग्न ठरलं तवा माहं कोणतं सर्टिफिकेट पाह्यलं होतं तुमी?" काकूंनी विचारलं.

"तुह्या मामानं सांगतलं होतं," काका म्हणाले.

"आन् मामाच्या वरती कोण?"

काकांनी घास तसाच हातात धरला. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांचं शस्त्र त्यांच्यावर चालवलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बसव रे बाबू ते सगळे परत." मी शंभराच्या शंभर संस्था परत बसवल्या. आतून फोडणीचा चुर्र आवाज आला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं सांगताना मला अजून कानकोंडं होतं. आमच्या धंद्यात एक खोड आहे. डिजिटल सही म्हणजे पेनड्राइव्हसारखं एक छोटं टोकन असतं आणि त्याला पासवर्ड असतो. ज्याची सही त्यानंच ते जवळ बाळगायचं असतं. पण शेठ लोकांना कंटाळा. ते टोकन माझ्याकडेच ठेवून जायचे, वर पासवर्डची चिठ्ठी चिकटवून. फोन करायचे, "भैया, जरा मेरा साइन मार देना." मी मारायचो. सगळेच मारतात. माझ्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात हथखोजच्या चाळीस एक कारखानदारांच्या सह्या एकमेकींच्या अंगावर लोळत पडलेल्या असायच्या.

एक दिवस काका समोर चहा पीत बसले होते. शेठचा फोन आला, मी डबा उघडला, टोकन लावलं, सही मारली, डबा बंद केला. मला काही वाटलंही नाही. काकांनी कप खाली ठेवला.

"कोण बोलत होता?"

"नटबोल्टवाले शेठ."

"कुठं आहे तो?"

"रायपूरले."

"आन् सही कुठं झाली?"

मी डबा खणात ढकलला. काका म्हणाले, "तू लोकाइले सर्टिफिकेट देतो, की हा माणूस हाच आहे. आन् मंग तूच तो होऊन बसतो. कावून असा करून राहिला, बाबू?" मी म्हटलं, काका, त्यांनीच सांगितलं ना, काम बरोबरच झालं, कुणाचं नुकसान नाही. तेव्हा काकांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी त्याआधी आणि त्यानंतर त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. नोकरीच्या सुरुवातीला एकदा त्यांनी एका दोस्ताच्या सांगण्यावरून प्लेट न मोजता कागदावर सही केली होती. मग मनाला चैन पडेना म्हणून दुसऱ्या दिवशी माल निघायच्या आधी जाऊन मोजली. "मंग?" मी विचारलं. "प्लेट बरोबर निघाली," काका म्हणाले. "पण सही खोटीच होती ना." एवढं बोलून ते उठले. चहा अर्धा तसाच होता.

संध्याकाळी काकूंनी हळूच बातमी दिली की वही उलटी झाली आहे. न्हावी, दोन ज्योतिषी, हवामानाचं अ‍ॅप आणि त्याखाली मी. शाईनं.

माझा अभिमान दुखावला, हे कबूल करतो. दोन दिवस मी काकांकडे पाहिलंही नाही. पण तिसऱ्या दिवशी फोन आला, "भैया, साइन," आणि डबा उघडायला हात गेला तसा तो तिथेच अडला. आपण कुणी भले आहोत अशी माझी समजूत होती, ती त्या डब्यात चाळीस तुकडे होऊन पडली होती. मी डबा स्कूटरच्या डिकीत टाकला आणि हथखोज गाठलं. आठवडाभर दारोदार फिरून एकेकाचं टोकन एकेकाच्या हातात दिलं. शेठ लोक गोंधळले. "क्यों भैया, कुछ झगड़ा हो गया क्या?" एकानं मला पाणी पाजलं, तब्येत विचारली. सही स्वतः मारायला शिकवली तर नटबोल्टवाल्या शेठनी पहिल्याच दिवशी आनंदाच्या भरात मुलीच्या शाळेच्या रजेच्या अर्जावरही डिजिटल सही ठोकून दिली. सात-आठ जण मात्र दुसऱ्या दुकानाकडे गेले, जिथे डबा अजून होता. जाऊ देत.

रिकामा डबा मी मुद्दाम काउंटरवर ठेवला, झाकण उघडं टाकून. काका येता-जाता पाहायचे, बोलायचे काही नाही. मग एका सकाळी डब्यात खरोखरची बिस्किटं होती. मी उडालोच! धावत आत गेलो आणि म्हटलं, "काका, मंग माहं नाव परत?" काका वर्तमानपत्रातून वर न पाहता म्हणाले, "रद्द झालेलं परत चालू होत नाही. नवीन काढा लागते. तुमचाच नियम आहे ना?" नियम आमचाच होता. काकू म्हणाल्या, "माहा भरोसा आहे त्याच्यावर. मी सांगतलं, लिहा आता." काका म्हणाले, "दिवाळीले पाहू."

गणपती उठले आणि काकू आजारी पडल्या. दवाखान्यात आठ दिवस. त्या परत आल्या नाहीत.

तेराव्यानंतर मुलगा काकांना हैदराबादला चला म्हणून मागे लागला होता, पण ते म्हणाले, आधी कागद पाहू. काकूंच्या मृत्यूचा दाखला माझ्याच दुकानात ईमेलवर आला. काका समोरच्या खुर्चीत बसले होते. मी तो उघडला. खाली अधिकाऱ्याची डिजिटल सही होती आणि तिच्यावर भलंमोठं पिवळं प्रश्नचिन्ह: सहीची खात्री पटलेली नाही. हे प्रश्नचिन्ह मी रोज दहादा पाहतो. दाखल्यात काहीच चूक नसते. आपल्या कॉम्प्युटरच्या यादीत ती वरची संस्था नसते, म्हणून तो बिचारा विचारतो की, हिच्यावर ठेवू का विश्वास? साखळी उघडायची, सगळ्यात वरच्या नावावर जायचं आणि हो म्हणायचं. प्रश्नचिन्ह जातं, हिरवी खूण येते. मिनिटभराचं काम.

मी माउसकडे हात नेला तसा काकांनी माझं मनगट धरलं. "राहू दे," ते म्हणाले. "त्यालेबी पटून नाही राहिलं ना? मंग मले कावून पटावं?" आणि ते चक्क हसले. मीही हसलो. दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर काका रोज सकाळी यायचे. "उघड," म्हणायचे. मी दाखला उघडायचो. ते प्रश्नचिन्हाकडे बघायचे, समाधानानं मान हलवायचे आणि जायचे. ज्या माणसानं आयुष्यभर प्रश्नचिन्हं मिटवली, तो आता एका प्रश्नचिन्हाच्या आधारानं दिवस काढत होता. मुलाचे फोन यायचे, कचेऱ्यांना कागद हवे होते. छापलेला कागद कुठेही चालला असता, पण काका तो हातात घेईनात. आणि ज्याला ते काम मिनिटात जमत होतं तो मी रोज तो दाखला उघडत होतो आणि बंद करत होतो.

दिवाळीच्या दोन दिवस आधी ते आले तेव्हा त्यांच्या काखेत हिरवी वही होती. खुर्चीत बसून पहिलं पान उघडलं आणि काकूंच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाबू, मले एक सांग. तुमच्यात सगळ्यात वरती जो आहे तोच गेला, तर त्यानं आधी केलेल्या सह्या खोट्या होतात का?"

अकरा वर्षांत काकांनी मला पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं आणि मला होतं. "नाही, काका," मी म्हटलं. "सही केली तवा सर्टिफिकेट चालू होतं ना, आन् वेळेची नोंद असली, की ती सही खरी. नंतर सर्टिफिकेट राहो की न राहो. ती खरीच रायते."

"पक्कं?"

"पक्कं."

"याच्या वरती कोण?" त्यांनी सवयीनं विचारलं आणि स्वतःच हात हलवून तो प्रश्न पुसून टाकला. मग खुर्ची पुढे ओढली. "दे तो माउस. दुसऱ्याच्या हातानं नाही करायचं." मी बाजूला झालो. मी सांगत गेलो तसे ते एकेक पायरी वर चढत गेले. सगळ्यात वरच्या नावाशी आले. ते नाव त्यांनी दोनदा वाचलं. आणि या जगात ज्यांनी कुणालाच तपासल्याशिवाय सोडलं नव्हतं, त्या आमच्या काकांनी त्या अनोळखी नावापुढे विश्वास आहे म्हणून खूण केली. प्रश्नचिन्ह गेलं. हिरवी खूण आली. "बरं," काका म्हणाले. चष्मा काढून पुसला आणि तो पुसणं त्यांना बराच वेळ पुरलं.

मग त्यांनी वही पुन्हा पुढ्यात घेतली आणि काकूंच्या पानावर शेवटी एक नवी ओळ लिहिली, शाईनं. वही माझ्याकडे फिरवली. नावाच्या रकान्यात मी. 'कोणी सांगितलं' मध्ये, 'काकू'. "तिनं म्हटलं होतं तवा लिहाले पाहिजे होतं," ते म्हणाले. "मीच दिवाळी, दिवाळी करत बसलो. तारीख मी त्याच दिवसाची टाकली आहे. चालते ना?" मी मान हलवली. 'कशासाठी' मध्ये लिहिलं होतं, 'सगळं'.

त्यापुढचा रकाना कोरा होता. मी बोट ठेवून म्हटलं, "काका, मुदत लिहायची राहिली."

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"राहू दे," ते म्हणाले. "कुठं तरी थांबा लागते ना, बाबू."